मॅग्नेशियम सल्फेट आणि एक्लॅम्प्सिया : उपाय, पुरावा आणि विलंब यांचा इतिहास

प्रास्ताविक

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर वाढलेला रक्तदाब, लघवीतून जाणारे प्रथिन आणि यकृत, मूत्रपिंड, मेंदू या अवयवांवर दिसणारे परिणाम या लक्षणसमूहास वैद्यकात प्रीएक्लॅम्प्सिया असे म्हणतात. या अवस्थेतील स्त्रीला झटके येऊ लागले, म्हणजे बोलीत जिला आकडी म्हणतात ती अवस्था प्राप्त झाली, की त्यास एक्लॅम्प्सिया ही संज्ञा लावली जाते. हा विकार गर्भारपणात, प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी आणि प्रसूतीनंतरही उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार २००३ ते २००९ या काळातील जगभरच्या मातामृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू गर्भारपणाशी निगडित रक्तदाबाच्या विकारांमुळे झाले होते.

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली औषध सापडले आणि रोग हटला, असा त्याचा सर्वसाधारण आकृतिबंध असतो. एक्लॅम्प्सियाचा इतिहास या आकृतिबंधात बसत नाही. या विकारावर आज जगभर वापरले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट १९०६ सालीच रुग्ण स्त्रीला देण्यात आले होते. ते अन्य औषधांपेक्षा सरस आहे हे निर्विवादपणे सिद्ध होण्यास १९९५ साल उजाडावे लागले. उपाय हाती असूनही त्याचा पुरावा मिळण्यास जवळजवळ नव्वद वर्षे का लागली, आणि पुरावा मिळाल्यानंतरही तो उपाय प्रत्येक स्त्रीपर्यंत का पोहोचला नाही, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या विकाराच्या इतिहासाचा मागोवा घेण्यात आला आहे.

नाव मिळाले, ओळख पटली नाही

गर्भवतीस येणारे झटके प्राचीनांना अपरिचित नव्हते. गर्भारपणात डोके जड होणे, ग्लानी येणे आणि त्यापाठोपाठ झटके येणे हे अशुभलक्षण असल्याची जाणीव ग्रीक वैद्यकाच्या हिपॉक्रेटिसप्रणीत ग्रंथसमूहात आढळते. भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेने गर्भपातानंतर उद्भवणाऱ्या अपतानकास असाध्य मानले आहे. मात्र हे वर्णन धनुर्वाताशी अधिक जुळणारे आहे. त्यामुळे प्राचीन संज्ञांवर आधुनिक रोगनामे सरसकट बसविण्याचा मोह टाळणेच इतिहासदृष्ट्या योग्य ठरते.

‘एक्लॅम्प्सिया’ हा शब्द वीज चमकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून १६२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅरँडियस यांच्या स्त्रीरोगविषयक ग्रंथात तो आढळतो. शब्दातच तत्कालीन समज सामावलेली आहे. ही आपत्ती निरभ्र आकाशातून वीज कोसळावी तशी पूर्वसूचनेविना येते, असे मानले जाई. सतराव्या शतकात फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रान्स्वा मोरिसो यांनी पहिलटकरणीस या विकाराचा धोका अधिक असतो हे नोंदविले. पुढे अठराव्या शतकात बॉसिए द सॉव्हाज यांनी तो अपस्मारापासून, म्हणजे फेफऱ्यापासून, वेगळा केला.

पूर्वसूचना असते आणि ती मोजता येते, हे समजण्यासाठी दोन साधी साधने पुरेशी ठरली. पहिले साधन म्हणजे लघवीची तपासणी. १८४३ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील जॉन लीव्हर यांनी झटके आलेल्या स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन आढळते, तसेच प्रसूतीनंतर ते ओसरते, हे दाखवून दिले. दुसरे साधन म्हणजे रक्तदाबमापक. १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रॉची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत सिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हाके व नोबेकूर यांनी एक्लॅम्प्सियातील वाढलेल्या रक्तदाबाचे वर्णन केले. झटक्यांच्या आधीच्या अवस्थेला स्वतंत्र नाव देणे त्यानंतरच अर्थपूर्ण झाले. ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ ही संज्ञा अशा रीतीने मोजमापाच्या पोटी जन्मास आली.

सिद्धांतांचा रोग

लक्षणे मोजता आली तरी कारण सापडले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गर्भारपणात शरीरात एखादे विष तयार होत असावे, ही कल्पना रूढ झाली आणि या विकारास ‘टॉक्सिमिया’ म्हणजे गर्भविषबाधा असे नाव पडले. ते विष कोणालाही कधी सापडले नाही. नाव मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाठ्यपुस्तकांतून टिकून राहिले. जर्मन प्रसूतितज्ज्ञ पॉल झ्वाइफेल यांनी या विकारास ‘सिद्धांतांचा रोग’ म्हटले ते यामुळेच.

प्रत्येक सिद्धांताने आपापला उपचार जन्मास घातला, आणि त्याची किंमत स्त्रियांनी मोजली. रक्तात दोष आहे असे मानणाऱ्यांनी शीर कापून रक्त वाहू दिले. दोष मूत्रपिंडात आहे असे मानणाऱ्यांपैकी काहींनी मूत्रपिंडावरील आवरण काढण्याची शस्त्रक्रिया केली. गर्भाशय रिकामे करणे हाच उपाय, असे मानणाऱ्यांनी तोंड पुरेसे न उघडलेल्या गर्भाशयातून बळाने प्रसूती घडविली. या अघोरीपणाला छेद देणारी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या व्हसिली स्ट्रोगानोव्ह यांनी अवलंबिली. अंधारी शांत खोली, मॉर्फिन व क्लोरल हायड्रेट यांनी आणलेली गुंगी आणि अनावश्यक हस्तक्षेपास नकार, हे तिचे मुख्य सूत्र होते. स्ट्रोगानोव्ह यांच्या रुग्णांतील मृत्युप्रमाण समकालीनांच्या तुलनेत बरेच कमी असल्याचे दिसून आले. स्ट्रोगानोव्ह यांनाही रोगाचे कारण ठाऊक नव्हते. तथापि अपाय करणारे उपचार थांबविल्यानेच अनेक स्त्रिया वाचू शकतात, हे त्यांच्या अनुभवाने दाखवून दिले.

वारेकडे, म्हणजे प्लॅसेंटाकडे, संशयाची सुई वळविणारे एक महत्त्वाचे निरीक्षणही याच सुमारास पुढे आले. द्राक्षगर्भात, म्हणजे जिथे गर्भाची वाढ न होता केवळ वारेच्या ऊतींची विकृत वाढ होते तिथेही, हा विकार उद्भवतो. अर्थात विकाराचे मूळ वारेत असणार. या अनुमानाला पुष्टी मिळण्यास मात्र दीर्घ काळ जावा लागला. १९६७ नंतर ब्रोसेन्स, रॉबर्टसन व डिक्सन यांच्या अभ्यासांतून गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्यांमध्ये गर्भारपणात होणारे बदल स्पष्ट झाले आणि या विकारात ते बदल अपुरे राहतात असे दिसून आले. २००३ मध्ये बोस्टन येथील संशोधकांनी वारेतून अतिरिक्त प्रमाणात स्रवणारे एक प्रथिन आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरास बाधा आणते असे दाखविले. या संशोधनात मूळचे भारतीय असलेल्या अनंत करुमंची यांचा वाटा मोठा होता.

तपासणीचे वेळापत्रक

कारण अज्ञात असतानाच प्रतिबंधाचा मार्ग मात्र खुला झाला होता. एडिंबरा येथील जे. डब्ल्यू. बॅलंटाइन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गर्भवतींसाठी रुग्णालयात स्वतंत्र सोय असावी असा आग्रह धरला. १९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसूतिपूर्व तपासणीचे वेळापत्रक प्रसृत केले. पहिली भेट सोळाव्या आठवड्यात, त्यानंतर चोविसाव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यात, पुढे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्यास आणि मग दर आठवड्यास, असा त्याचा क्रम होता.

शेवटच्या तिमाहीत भेटी दाट होत जाण्यामागे प्रीएक्लॅम्प्सियाची भीती हे एक प्रमुख कारण होते. हेच वेळापत्रक थोड्याफार फरकाने जगभर पसरले. दर खेपेस दंडाला पट्टा बांधून घेणारी आणि लघवीचा नमुना देणारी गर्भवती या इतिहासाचाच वारसा नकळत पुढे चालवीत असते.

देशोदेशीच्या सवयी

मॅग्नेशियमचा वैद्यकीय प्रवास न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत सुरू झाला. १९०५ च्या सुमारास मेल्टझर व ऑअर यांनी मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे प्राण्यांचे स्नायू शिथिल होतात हे दाखविले. १९०६ मध्ये जर्मनीत हॉर्न यांनी ते एक्लॅम्प्सियाच्या रुग्णास टोचले. १९२० च्या दशकात अमेरिकेत लॅझर्ड यांनी शिरेतून आणि डॉर्सेट यांनी स्नायूतून ते देण्यास प्रारंभ केला. १९५५ मध्ये जॅक प्रिचर्ड यांनी त्याच्या मात्रेची पद्धतशीर योजना मांडली. डॅलसच्या पार्कलँड मेमोरियल हॉस्पिटलमधील एक्लॅम्प्सियाच्या २४५ रुग्णांचा त्यांचा अहवाल १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी केवळ एक माता दगावली होती.

हे औषध स्वस्त होते आणि ते देताना महागड्या यंत्रणेची गरज नव्हती. गुडघ्यावर हातोडीने टिचकी मारून प्रतिक्षिप्त क्रिया तपासायची, श्वासाची गती मोजायची, लघवीचे प्रमाण पाहायचे आणि मात्रा जास्त झालीच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे, एवढीच दक्षता पुरेशी होती. तरीही अमेरिकेबाहेर त्यास मान्यता मिळाली नाही. ब्रिटनमध्ये प्रथम डायझेपाम आणि नंतर फेनिटॉइन यांना पसंती मिळाली. भारतात मद्रासचे प्रसूतितज्ज्ञ एम. के. कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन व पेथिडीन यांच्या मिश्रणावर आधारित उपचारपद्धती मांडली आणि ‘लायटिक कॉकटेल’ या नावाने ती अनेक रुग्णालयांत दीर्घकाळ रूढ राहिली. अशा प्रकारे एकाच रोगावर कोणत्या स्त्रीला कोणते औषध मिळणार, हे ती कोणत्या देशात प्रसूत होते यावर अवलंबून राहिले.

या मतभेदामागे एक तात्त्विक आक्षेपही होता. मॅग्नेशियम हे फेफऱ्यावरचे मान्यताप्राप्त औषध नाही. ते मेंदूवर कसे कार्य करते हे सांगता येत नाही. मग ते का वापरावे, असा प्रश्न काही मज्जाविकारतज्ज्ञ उपस्थित करीत. दुसऱ्या बाजूस अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ स्वतःच्या अनुभवावर विसंबून होते. एका पक्षापाशी तर्क होता, दुसऱ्यापाशी अनुभव होता. तुलना कोणापाशीच नव्हती. प्रत्येक रुग्णालय आपल्याच पूर्वीच्या आकड्यांशी आपले नवे आकडे ताडून पाही. मधल्या काळात सुधारलेली शुश्रूषा, रक्तपुरवठा व शस्त्रक्रिया यांचे श्रेयही त्यामुळे औषधाच्या खात्यावर जमा होत असे.

१९९५ चा निवाडा

ही कोंडी फोडणारी चाचणी ऑक्सफर्ड येथून लेलिया ड्युली यांच्या समन्वयाने झाली आणि तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ‘कोलॅबोरेटिव्ह एक्लॅम्प्सिया ट्रायल’ या नावाने ती ओळखली जाते. या चाचणीचे वैशिष्ट्य असे, की ती श्रीमंत देशांत नव्हे, तर जिथे हा रोग प्रत्यक्ष बळी घेत होता अशा दक्षिण अमेरिका, आफ्रिका व भारतातील रुग्णालयांत पार पडली. सुमारे १,६८० स्त्रियांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली. मॅग्नेशियम व डायझेपाम यांच्या तुलनेत पुन्हा झटके येण्याचे प्रमाण अनुक्रमे १३.२ व २७.९ टक्के आढळले. मॅग्नेशियम व फेनिटॉइन यांच्या तुलनेत ते ५.७ व १७.१ टक्के होते. मातामृत्यूंतील फरक संख्याशास्त्रीय निकषांवर निर्णायक ठरला नाही, ही मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. तथापि कोणते औषध निवडावे, हा वाद येथे संपला.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने पुढचे पाऊल टाकले. ३३ देशांतील १०,१४१ प्रीएक्लॅम्प्सियाग्रस्त स्त्रियांच्या या अभ्यासात मॅग्नेशियम दिलेल्या गटात एक्लॅम्प्सियाचे प्रमाण ०.८ टक्के, तर औषधाचा केवळ आभास दिलेल्या गटात १.९ टक्के आढळले. झटके आल्यावर उपयोगी पडणारे औषध झटके टाळण्यासाठीही उपयुक्त असल्याचे सिद्ध झाले.

येथे इतिहासाचा पहिला प्रश्न सुटतो आणि दुसरा समोर उभा राहतो. १९९६ मध्ये मॅग्नेशियम सल्फेटचा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला. मात्र २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखाने मोझांबिक व झिंबाब्वे येथे ते उपलब्ध नसल्याकडे लक्ष वेधले. झिंबाब्वेतील स्त्रिया १९९५ च्या चाचणीत सहभागी झाल्या होत्या. ज्यांच्या शरीरावर पुरावा घडला, त्यांच्याच देशभगिनींना दहा वर्षांनंतर त्याचा लाभ मिळत नव्हता. औषध इतके स्वस्त, की ते विकण्यात कोणास फारसा नफा नाही; रुग्णसंख्या इतकी विखुरलेली, की मागणी नोंदविण्याची कोणास निकड नाही. दुर्मीळतेमुळे नव्हे, तर स्वस्ताईमुळे औषध दुर्लभ व्हावे, हा या इतिहासातील सर्वांत बोचरा विरोधाभास होय.

प्रसूतीनंतरचा दुर्लक्षित काळ

वार बाहेर पडली की रोग संपतो, ही समजूत कारणमीमांसेच्या दृष्टीने बरोबर असली तरी काळाच्या दृष्टीने अपुरी आहे. डग्लस व रेडमन यांनी १९९२ सालातील ब्रिटनमधील एक्लॅम्प्सियाच्या ३८३ घटनांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील ४४ टक्के घटना प्रसूतीनंतरच्या होत्या. प्रसूतीनंतर रक्तदाब साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वाधिक चढतो. नेमकी याच सुमारास बाळंतीण रुग्णालयातून घरी जाते.

दीर्घकालीन परिणामांचा प्रश्नही असाच उशिरा उलगडला. अमेरिकेतील लिऑन चेस्ली यांनी न्यूजर्सीतील मार्गारेट हेग प्रसूतिगृहात १९३१ ते १९५१ या काळात एक्लॅम्प्सियातून बचावलेल्या २७० स्त्रियांचा चिकाटीने अनेक दशके पाठपुरावा केला. एक्लॅम्प्सियामुळे कायमचा रक्तदाब जडत नाही, असे त्यांचे मत झाले. पुढील मोठ्या अभ्यासांनी या चित्रात भर घातली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रियांत पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट आढळला. २०११ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्त्रियांतील हृदयविकाराच्या जोखीमघटकांत या पूर्वेतिहासाचा समावेश केला. रोगाने ही जोखीम निर्माण होते, की आधीच असलेली जोखीम गर्भारपणाच्या ताणाने उघड होते, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

महाराष्ट्राचा संदर्भ

भारतात प्रिचर्ड यांची योजना जशीच्या तशी स्वीकारताना एक व्यावहारिक अडचण जाणवली. अमेरिकन स्त्रियांच्या वजनावर बेतलेली मात्रा येथील कमी वजनाच्या स्त्रियांना अधिक होईल, अशी रास्त शंका होती. त्यातून कमी मात्रेच्या योजना पुढे आल्या. त्यांपैकी एक योजना धुळ्याच्या नावाने भारतीय प्रसूतिशास्त्रात ओळखली जाते. पार्कलँडपासून धुळ्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे केवळ अनुकरण नव्हे, तर स्थानिक देहमानानुसार केलेली फेरमांडणी होय. केंद्र शासनाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी मॅग्नेशियमची पहिली मात्रा टोचून रुग्णास पुढे पाठविण्याचा अधिकार सहायक परिचारिका प्रसाविकेलाही, म्हणजे एएनएमलाही, दिला. विशेषज्ञाच्या हातातील औषध उपकेंद्रापर्यंत नेणारा हा निर्णय महत्त्वपूर्ण आहे.

तथापि औषधाच्या उपलब्धतेइतकाच सामाजिक रीतींचाही विचार आवश्यक ठरतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वदूर आहे. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते. प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका पहिलटकरणीस अधिक आणि तो बळावतो तो शेवटच्या तिमाहीत. म्हणजे ज्या स्त्रीला आणि ज्या काळात सलग तपासणीची सर्वाधिक गरज, त्याच स्त्रीचे गाव, दवाखाना आणि परिचारिका त्याच काळात बदलतात. प्रथेतील माया आणि विसावा यांचे मोल कमी न लेखता, सासरच्या नोंदींचे कार्ड माहेरच्या परिचारिकेच्या हाती पोहोचणे किती निर्णायक असते, हे येथे लक्षात येते.

बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्याबाबतही असेच म्हणता येईल. या काळात बाळंतिणीचा आहार, शेक, मालिश, विश्रांती यांची परंपरेने चोख व्यवस्था लावलेली आहे. स्त्रीचे शरीर प्रसूतीनंतर लगेच पूर्वपदावर येत नाही, हे परंपरेने जाणले होते. त्या व्यवस्थेत रक्तदाबाच्या मोजणीला मात्र जागा नव्हती, कारण ते साधनच नव्हते. पायावरची सूज गर्भारपणात चालायचीच, डोकेदुखी जागरणाची आणि आकडी म्हणजे बाहेरची बाधा, अशा समजुतींनी पहिले मौल्यवान तास वाया जातात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, आणि पोटाच्या वरच्या भागात, विशेषतः उजव्या बाजूस, दुखणे ही लक्षणे सव्वा महिन्यातही तातडीची मानली जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. एक्लॅम्प्सियाच्या बाबतीत कारणाचे ज्ञान उपचाराच्या मागून आले. कारण पूर्ण कळेपर्यंत थांबले असते, तर लघवीची तपासणी, रक्तदाबमापन आणि मॅग्नेशियम यांपैकी काहीच वापरात आले नसते.

२. १९०६ ते १९९५ या काळातील विलंब औषधाच्या अभावामुळे नव्हे, तर निष्पक्ष तुलनेच्या अभावामुळे झाला. तर्क आणि अनुभव हे दोन्ही ज्ञानमार्ग आवश्यक असले तरी परस्परांस तपासणारी पद्धत नसेल तर दोन्ही सवयीचे रूप घेतात.

३. १९९५ नंतरचा विलंब वेगळ्या स्वरूपाचा आहे. तो पुरवठा, प्रशिक्षण, नोंदी आणि सामाजिक रीती यांच्याशी निगडित असल्याने त्याचा अभ्यास एकट्या वैद्यकाने करणे शक्य नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास यांनीही तो आपला विषय मानला पाहिजे.

४. या विकाराचा इतिहास बहुतांशी प्रसूतीपाशी थांबविला गेला. प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवस आणि त्यापुढील आयुष्य हा त्याचा उर्वरित भाग असून तो आता कोठे लिहिला जाऊ लागला आहे.

या चाचण्यांतील स्त्रियांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्या केवळ टक्केवारीतून इतिहासात उरल्या आहेत. त्यांच्यामुळे सिद्ध झालेला काही ग्रॅम क्षार गरजेच्या घडीला उपकेंद्राच्या कपाटात असणे आणि तो टोचण्याचा अधिकार व धैर्य तेथील परिचारिकेपाशी असणे, हाच त्या ऋणाच्या परतफेडीचा मार्ग आहे.